बटाट्याचे बेणे : किती अंतरावर, किती खतावर आणि शेवटी हातात किती



आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतली माणसे बटाटा चांगली ओळखतात, पण दुसऱ्याच्या शेतातला. पावसाळा संपत आला की ती सातगाव पठारावर काढणीला मजुरीला जातात. कुदळ कुठे मारायची, बटाट्याला जखम होऊ न देता तो कसा उचलायचा, मोठा-मध्यम-बारीक कसा निवडायचा, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. मात्र लागवडीआधीचे हिशेब मालकाच्या घरात होतात, ते मजुरांच्या कानावर पडत नाहीत. बेणे कुठून आणायचे, किती आणायचे, किती अंतरावर लावायचे, खत किती टाकायचे? भात निघाल्यावर ओढ्याच्या, विहिरीच्या किंवा बंधाऱ्याच्या पाण्यावर पाच-दहा गुंठे बटाटा करू पाहणाऱ्या आपल्या कुटुंबांची गाडी इथेच अडते. म्हणून या अंकातील शेतीपाठ त्याच हिशेबाचा.

पाठाचे निमित्त एका मावशींचा प्रश्न. गेल्या कार्तिकात त्या बांधावर बेण्याची गोणी घेऊन बसल्या होत्या. ती गोणी व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेली होती. बेणे त्याने द्यायचे, भावही त्यानेच लावायचा आणि निघालेला मालही त्यालाच घालायचा, असा करार. मला म्हणाल्या, "दादा, ह्ये समदं गाडू, का थोडं घरात ठिवू? एकदा मातीत गेलं की त्ये पोरांच्या तोंडचं गेलं."

प्रश्न साधा वाटतो, पण बटाट्याच्या शेतीचे सगळे अर्थशास्त्र त्यात आहे. ज्वारीचे बी मूठभर लागते, भाताचे काही किलो, बटाट्याचे मात्र एकरी दहा-दहा क्विंटल. जो माल खायचा-विकायचा तोच पुरायचा. त्यामुळे या पिकाच्या खर्चात बेण्याचा वाटा सगळ्यांत मोठा असतो. दोन रोपांतले अंतर चार बोटांनी कमी-जास्त झाले, तर उधारीचा आकडा बदलतो.

अंतराचे गणित

आपल्याकडे एकराच्या भाषेत बोलून उपयोग नाही, गुंठ्यातच बोलू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दोन सऱ्यांमध्ये ६० सेंटीमीटर ठेवले आणि बेणे सरासरी ३० ग्रॅमचे असले, तर सरीत ३० सेंटीमीटरवर लावल्यास गुंठ्याला ५६० रोपे बसतात आणि १७ किलो बेणे लागते. २० सेंटीमीटरवर ८४० रोपे, २५ किलो. १५ सेंटीमीटरवर ११२० रोपे, ३४ किलो. म्हणजे ३० वरून १५ वर आलो की बेणे दुप्पट. मावशींची वीत मोजली तेव्हा ती १९ सेंटीमीटर भरली. मग मोजपट्टीची गरज उरली नाही. एका वितीवर एक बटाटा हे मधले अंतर, आणि चार बोटे आत घेतली की दाट.

दाट लावले की काय होते? जमिनीतले अन्न, पाणी आणि वरचा उजेड तेवढाच असतो, वाटेकरी वाढतात. प्रत्येक रोपाखाली बटाटे कमी लागतात आणि ते आकाराने लहान राहतात. पण रोपेच जास्त असल्याने गुंठ्यातली बटाट्यांची एकूण संख्या वाढते. वजनही वाढते, पण एका मर्यादेपर्यंत, आणि वाढीचा वेग कमी होत जातो. विरळ लावले की उलट. बटाटे मोजके पण थोराड, बाजारात भाजीसाठी गिऱ्हाईक उचलते तसे.

आता बेणे म्हणून कुठला बटाटा चांगला? गावठी कोंबडीच्या अंड्याएवढा, साधारण ३० ते ५० ग्रॅमचा. तो न कापता अख्खा लावता येतो. मोठा बटाटा कापून लावतात, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवतात. पण विळीबरोबर रोग एका बटाट्यातून दुसऱ्यात जातो आणि ओलसर जमिनीत फोड कुजते. म्हणून भाजीसाठी पीक असेल तर बटाटा मोठा हवा आणि बेण्यासाठी असेल तर मध्यम हवा. एकाच शेतात दोन्ही मनाजोगते मिळत नाही. लागवडीच्या दिवशीच ठरवावे लागते.

यात एक बारकावा आहे, तो मला स्वतःला फार उशिरा कळला. जमिनीत खरी गर्दी बटाट्यांची नसते, बटाट्यातून निघणाऱ्या खोडांची असते. एका बटाट्याला चार कोंब असले तर वर चार खोडे येतात आणि प्रत्येक खोड खाली आपले बटाटे धरते. नुकताच थंडीतून काढलेला बटाटा शेंड्याकडचा एकच कोंब फोडतो. तो कोंब हलकेच खुडून बटाटे आठ-दहा दिवस सावलीत, पण उजेडात पसरले की बाकीचे डोळे जागे होतात. कोंब आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे येतात, लावताना मोडत नाहीत. भाजीच्या पिकाला चौरस मीटरला पंधरा-वीस खोडे पुरतात, बेण्याच्या पिकाला तीसच्या आसपास हवीत. वितीवर लावलेल्या रोपाला तीन खोडे आली तर चौरस मीटरला पंचवीस होतात. म्हणजे कोंब चांगले फोडून घेतले, तर बेणे न वाढवताही पीक दाट होते. उधारीवर बेणे आणणाऱ्याने आधी हे करावे. याला पैसा लागत नाही.

खताचे गणित, आणि माझी एक चूक

आपल्याकडे बटाट्याला हेक्टरी १५० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि १२० किलो पालाश देण्याची शिफारस आहे. त्यातले १०० किलो नत्र आणि सगळे स्फुरद-पालाश लागवडीला, उरलेले ५० किलो नत्र महिन्याने मातीची भर देताना. गुंठ्याला उतरवले तर हे आकडे डोईजड वाटत नाहीत. सिंगल सुपर फॉस्फेट पावणेचार किलो, म्युरेट ऑफ पोटॅश दोन किलो, युरिया लागवडीला सव्वादोन किलो आणि भर देताना एक किलोच्या थोडा वर. शिवाय चांगले कुजलेले शेणखत. अर्धे कच्चे शेणखत घालू नये. त्याने हुमणी आणि खवड्या दोन्ही ओढवतात.

या तिघांचे काम वेगवेगळे आहे. स्फुरदाने मुळे लवकर धरतात आणि बटाट्यांची संख्या वाढते. पालाशाने ते पोसतात आणि साठवणुकीत टिकतात. नत्राने पाला वाढतो. पाला हा बटाट्याचा कारखाना, तो हवाच. पण नत्र गरजेपेक्षा जास्त झाले की रोप पाल्यातच रमते, खाली बटाटा धरायला उशीर करते.

हे मी पुस्तकात वाचले होते, तरीही चूक केली. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाच्या सहा गुंठ्यांत पीक पिवळसर दिसले म्हणून मी भर देताना युरिया दुप्पट द्यायला लावला. पंधरा दिवसांत शेत असे गर्द हिरवे झाले की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मीही दोन फोटो काढले. आसपासची शेते पिकून पिवळी पडली तरी हे हिरवेच. शेवटी काढले तेव्हा बटाटे कमी, आणि सालीवर अंगठा फिरवला की साल सुटायची. घरच्यांनी ते पुढच्या हंगामाच्या बेण्यासाठी झाडाखाली आरण घालून ठेवले. महिन्याभरात आरणीतून वास येऊ लागला. त्या घरच्या आजोबांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, ते अधिकच लागले.

दुसरे नुकसान तर तेव्हा माझ्या ध्यानातही आले नव्हते. नत्राने पाला गर्द झाला की विषाणू रोगाची खूण, म्हणजे पानावरचे फिकट-गडद ठिपके, झाकली जातात. रोगट झाड निरोगी दिसते आणि त्याचेच बटाटे आपण बेणे म्हणून जपतो. म्हणून बेण्याच्या पिकाला नत्राचा हात आखडता ठेवावा आणि महिन्यानंतर युरियाला हातही लावू नये.

मग माणसे युरियाच जास्त का टाकतात? कारण तो स्वस्त आहे. ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते, पोटॅशची गोणी त्याच्या कितीतरी पटीने महाग. खिशात पाचशे रुपये असलेला माणूस जे येते ते घेतो आणि दुसऱ्या दिवशी हिरवेगार दिसते म्हणून समाधानी होतो. त्याला अडाणी म्हणू नये. खताच्या दुकानातला भावच त्याला ते शिकवतो. आपल्या गटाने पोटॅश आणि सुपर फॉस्फेटची एकेक गोणी मिळून घेऊन किलोने वाटून घ्यावी, एवढाच मला यावर उपाय दिसतो.

आपल्या तांबड्या, पावसाने धुतलेल्या जमिनीबद्दल आणखी एक. इथे स्फुरद मातीला घट्ट चिकटून बसते, पिकाला मिळत नाही. ते रानभर फेकू नये. सरीत शेणखताबरोबर पट्ट्याने टाकावे, वर तीन-चार बोटे माती ओढावी आणि मग बटाटा ठेवावा. खत बटाट्याला थेट लागले तर कोंब करपतो.

अंतर आणि खत यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही, तो इथे कळतो. जमीन उपाशी आणि रोपे दाट, तर अंड्याएवढे बटाटे न मिळता गोट्याच गोट्या मिळतात. त्या ना बाजारात जातात, ना बेण्याला चालतात. ज्याच्याकडे शेणखत नाही आणि खताला पैसेही नाहीत, त्याने दाट लावूच नये. एक वीत आणि वर दोन बोटे घ्यावीत. दाट लागवड ही पोसलेल्या जमिनीची गोष्ट आहे.

हातात किती

आता मावशींच्या प्रश्नाकडे. पुढचे भाव आणि उत्पन्न मी समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या शेतातले आकडे तुम्ही घालावेत. बेणे ३० रुपये किलो, भाजीचा बटाटा १५ रुपये किलो. वितीवर लावलेल्या गुंठ्यात २५ किलो बेणे गेले आणि २०० किलो माल निघाला. दाट लावलेल्या गुंठ्यात ३४ किलो गेले आणि २१२ किलो निघाला.

बाजारात सगळे भाजी म्हणून विकले, तर दाट लागवडीने १२ किलो जास्त मिळाले, म्हणजे १८० रुपये. त्यासाठी ९ किलो बेणे जास्त गाडले, म्हणजे २७० रुपये. शेतात पीक जास्त दिसले, घरात ९० रुपये कमी आले. काट्यावरचा आकडा आणि पदरचा आकडा वेगळे असतात ते असे.

तेच पीक बेण्यासाठी केले तर? समजा वितीवरच्या २०० किलोंपैकी ९० किलो अंड्याएवढे निघाले आणि दाट लागवडीच्या २१२ पैकी १२७ किलो. बेण्याजोगा माल ३० ने आणि बाकीचा १५ ने धरला, तर पहिल्याचे ४३५० रुपये होतात, दुसऱ्याचे ५०८५. फरक ७३५, त्यातून जास्तीच्या बेण्याचे २७० गेले, राहिले ४६५. त्यातून जास्तीचे बेणे ठेवण्याचा खर्च आणि घट वजा होणारच. काही शिल्लक राहील, पण ४६५ राहणार नाहीत.

म्हणजे एकच अंतर भाजीला तोट्याचे आणि बेण्याला नफ्याचे ठरते. मात्र हा नफा एका अटीवर आहे. तो १२७ किलो माल खरोखर बेणे असला पाहिजे. नुसता अंड्याएवढा असून भागत नाही.

बटाट्याचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही, कुठल्याही फवारणीने बरा होत नाही आणि बटाट्यातून पुढच्या पिकात जातो. तो एका झाडावरून दुसऱ्यावर मावा नेतो. रोगी झाडाला बटाटे बारीक लागतात. आपण काय करतो? मोठे विकतो, मध्यम खातो, बारीक बेण्याला ठेवतो. म्हणजे न कळत दरवर्षी रोगी झाडांचीच निवड होत राहते, आणि तीन-चार वर्षांत "जमीन बिघडली" म्हणतो. जमीन तशीच असते, बेणे थकलेले असते.

देशात बटाट्याच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ साली सिमल्याला गेली. 'कुफरी ज्योती', 'कुफरी चंद्रमुखी', 'कुफरी पुखराज' या नावांतले कुफरी हे सिमल्याजवळचे गाव. (१९७२ साली महाराष्ट्राच्या पठारासाठी आलेल्या वाणाचे नाव तर चक्क 'कुफरी लवकर' आहे.) पूर्वी निरोगी बेणे थंड डोंगरातच होते असा समज होता. या संस्थेतील डॉ. पुष्करनाथ यांनी दाखवले, की उत्तरेच्या मैदानात मावा नसतो त्या थंडीच्या काळात लागवड करून, मावा वाढायच्या आत पाला कापून टाकला तर तिथेही निरोगी बेणे होते. शंभर संयुक्त पानांवर वीस मावे दिसले की पाला कापायची वेळ झाली, असा त्याचा ठोकताळा. आज आपल्याकडे जालंधरकडून येणारे बेणे याच रीतीचे फळ आहे.

आपली थंडी पंजाबइतकी लांब नाही आणि मावाही पूर्ण जात नाही. म्हणून वर्षानुवर्षे घरचेच बेणे वापरायचा सल्ला मी देणार नाही. चांगले प्रमाणित बेणे एकदा आणावे, एका तुकड्यात काळजीने वाढवावे, ते पुढच्या वर्षी सगळ्या शेताला वापरावे आणि मग पुन्हा नवे आणावे. खर्चाचा निम्मा भार त्याने हलका होतो, आणि उधारीही.

त्या तुकड्यात काळजी कोणती? लागवड कार्तिकात उरकावी; रात्री गार असल्या तरच बटाटा चांगला धरतो, उशीर झाला की शेवट उन्हात सापडतो. ठिपक्यांची, पाने गुंडाळलेली, खुरटलेली झाडे बटाट्यांसकट उपटून शेताबाहेर न्यावीत, महिन्याने एकदा आणि पुढे दोनदा. साधारण पंचाहत्तर-ऐंशी दिवसांनी, आठवडाभर आधी पाणी तोडून, पाला जमिनीलगत कापावा. वजन थोडे घटते, पण बटाटे बेण्याच्या मापाचेच राहतात आणि मावा उपाशी मरतो. पुढे पंधरा दिवस जमिनीतच राहू द्यावेत, म्हणजे साल घट्ट होते. उन्हाळ्यात आरण दोन-तीन महिने साथ देते. तेवढ्यात पठारावरच्या खरीप लागवडीला बेणे विकता येते. पुढच्या कार्तिकापर्यंत ठेवायचे तर शीतगृहच हवे, आणि एकट्याच्या दोन गोण्यांसाठी गाडी परवडत नाही. पाच-सहा घरांनी मिळूनच न्यावे. शेजाऱ्याला विकताना "माझ्या शेतातले बेणे आहे" एवढेच सांगावे, प्रमाणित म्हणू नये. ते खोटे होईल आणि दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक येणार नाही.

ज्यांना तेवढा तुकडाही वेगळा काढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी केनियातल्या छोट्या शेतकऱ्यांची रीत सांगण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या मदतीने तिथे फुलोऱ्याच्या सुमारास शेतातली सर्वांत निरोगी, जोमदार झाडे निवडून त्यांच्याशेजारी काठी रोवतात. काढणीआधी पुन्हा पाहणी करतात, दरम्यान आजारी पडलेल्या झाडाची काठी काढतात. उरलेल्या काठ्यांची झाडे आधी खणायची आणि बेणे फक्त त्यांचेच ठेवायचे. शेतकऱ्यांच्याच शेतांतल्या चाचण्यांत अशा बेण्याने सरासरी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जास्त उत्पन्न दिले. खर्च काठ्यांचा, आणि त्या आपल्याकडे विकत घ्याव्या लागत नाहीत.

मावशींनी त्या दिवशी सगळी गोणी गाडली नाही. चार सऱ्या दाट, बाकी वितीवर, आणि उरलेले सात-आठ किलो घरी नेले. काढणीला आम्ही दोन्हीकडच्या एकेका सरीचे बटाटे वेगवेगळे मोजले. त्यांनी अंड्याएवढे, त्याहून मोठे आणि गोट्या असे तीन ढीग बसल्या जागी केले. हात मजुरीवर तयार झालेला, माझ्यापेक्षा तिप्पट वेगाने चालत होता. एका सरीच्या आकड्यावरून निकाल सांगणे बरोबर नाही, म्हणून तो इथे छापत नाही. या कार्तिकात सात घरे तशाच चार-चार सऱ्या लावणार आहेत. प्रत्येक घराने लावलेले वजन, निघालेले तीन ढीग आणि खताचे किलो एवढे पाच आकडे वहीत लिहायचे आहेत. शाळेतल्या मुलांनी ते काम मागून घेतले आहे. वजनकाटा गटाच्या खोलीत ठेवला आहे. ज्या वस्तीला हवा असेल त्यांनी आदल्या दिवशी निरोप द्यावा.